वेस्ट पॉइंटचा ऑनर कोड: मित्राची कॉपी लपवली तर आपणही दोषी?

निनाद_पी

मंडळी, प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

वेस्ट पॉइंट, म्हणजे अमेरिकन आर्मीची अकॅडमी, तिथला ऑनर कोड एका वाक्यात संपतो. कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही आणि असं करणाऱ्याला खपवूनही घेणार नाही. पहिल्या तिन्हींबद्दल माझं काही म्हणणं नाही, ते सगळीकडेच असतं. मी अडकलोय चौथ्यावर. रूममेटने पेपरात कॉपी केली, मला कळलं, मी स्वतः काहीच केलं नाही, फक्त गप्प बसलो, तर माझ्यावर पण केस आणि मला पण घरी पाठवू शकतात. ज्या पोरांनी उद्या एकमेकांच्या भरवशावर लढायचंय त्यांना आज एकमेकांची नावं द्यायला शिकवायचं, हे मला तरी पचत नाहीये.

दुसरं म्हणजे मे २०२० चं कॅल्क्युलसचं प्रकरण. कोविडमुळे पोरं घरी, पेपर घरूनच दिलेला, ७३ कॅडेट्सवर कॉपीचा ठपका, त्यातला एक सोडला तर सगळे पहिल्या वर्षाचे. एवढं सगळं होऊन शेवटी काढून टाकलं ८ जणांना, ५१ जणांना एक वर्ष मागे ढकललं. कोड एवढा कडक आहे तर बाकीचे आत राहिले कसे? आणि हे सगळं ठरवतं कोण, अधिकारी की पोरंच?

माहिती असणाऱ्यांनी लिहा. "शिस्त हवीच" टाइप एका ओळीची उत्तरं नकोत प्लीज.

जुना_भिडू

निनाद, आधी चौथ्या कलमाबद्दल. अकॅडमी १८०२ ची असल्यामुळे लोकांना वाटतं कोडही तेवढाच जुना. तसं नाहीये. एकोणिसाव्या शतकात कॅडेट्सची आपली आपण चालवलेली एक व्हिजिलन्स कमिटी असायची, कागदावर तिला काही अस्तित्व नाही, पण ती एखाद्याला खोटारडा ठरवायची आणि मग त्याला तिथे राहणं मुश्किल करून टाकायची. वरचे अधिकारी कानाडोळा करायचे कारण त्यांचं काम परस्पर होत होतं. डग्लस मॅकआर्थर (हो तोच, दुसऱ्या महायुद्धातला) तिथे सुपरिटेंडेंट, म्हणजे अकॅडमीचा प्रमुख, होता तेव्हा १९२२ मध्ये या कारभाराला अधिकृत ऑनर कमिटीचं रूप मिळालं. आणि "खपवून घेणार नाही" हे शब्द कोडच्या वाक्यात आले १९७० मध्ये. प्रथा आधीपासून होतीच, लेखी खूप उशिरा झाली.

आता ते का, तर सरळ आहे. तिथे कोड राबवणारी वेगळी यंत्रणा नाही. पोरंच बघणार, पोरंच तक्रार करणार, पोरंच निवाडा करणार. त्यात ज्याने बघितलं तोच मूग गिळून बसला तर पुढचं काहीच हलत नाही. म्हणून गप्प बसणं हा वेगळा गुन्हा.

पण हे असंच असायला पाहिजे असं काही नाही, आणि हे बरेच जण विसरतात. ॲनापोलिसची नेव्हल अकॅडमी बघ. त्यांच्याकडे कोड नाही, ऑनर कन्सेप्ट म्हणतात, १९५१ च्या सुमारास मिडशिपमननीच (तिथले कॅडेट) तयार केलेला, त्यात रॉस पेरोचा मोठा हात होता, जो पुढे अब्जाधीश झाला आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढला. तिथे तुला कोणी चुकताना दिसला तर रिपोर्ट करता येतं, किंवा तू त्याच्याशी समोरासमोर बोलून, त्याला समज देऊन विषय तिथेच मिटवू शकतोस. बोलायचं टाळून नुसतं बघून न बघितल्यासारखं करणं मात्र चालत नाही. म्हणजे देश एक, पगार देणारं सरकार एक, बाहेर पडणारे अधिकारी शेवटी एकाच लढाईत, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर दोन अकॅडम्यांनी वेगवेगळं दिलंय.

कोलोरॅडोच्या एअर फोर्स अकॅडमीने वेस्ट पॉइंटचंच उचललं. १९५९ ला बाहेर पडलेल्या पहिल्याच बॅचने तो कोड स्वीकारला आणि १९६५ मध्ये त्याची किंमत कळली. काही कॅडेट्सनी पेपर चोरून विकले होते. एकूण १०९ जणांना अकॅडमी सोडावी लागली आणि त्यात अशी बरीच पोरं होती ज्यांनी ना पेपर चोरला ना विकत घेतला, त्यांना फक्त माहिती होतं. तुझ्या उदाहरणातला तो गप्प बसणारा.

तिरकस_बाण

१९५१, १९७६, २०२०, वेस्ट पॉइंटची कॉपीची मोठी प्रकरणं. दर पिढीला एकदा मोठा भोपळा फुटतो, चौकशी समिती बसते, कोड किती पवित्र आहे यावर भाषणं होतात, पुढच्या भोपळ्यापर्यंत शांतता. निनाद, तुझ्या प्रश्नाचं उत्तर फुटबॉल आहे. १९५१ ला ९० जण काढले, त्यात टीमचे तीसच्या वर खेळाडू आणि खुद्द कोच ब्लेकचा पोरगा. २०२० च्या ७३ मध्ये निम्म्याहून जास्त कुठल्या ना कुठल्या टीमचे खेळाडू. आणि गंमत बघा, केस चालू असलेल्या कॅडेटने बाहेर अकॅडमीचं प्रतिनिधित्व करायचं नाही असा नियम होता, तो सुपरिटेंडेंटने ऑक्टोबर २०२० मध्ये थांबवला, आणि ३१ डिसेंबरला लिबर्टी बोलच्या फुटबॉल मॅचला यातलेच काही जण मैदानात. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

मीरा_उ

तिरकसभाऊ, खेळाडूंचं खरंय पण १९५१ ला तेवढ्यावर गुंडाळू नका, त्यावर वेगळं कोणीतरी लिहील. मी निनादच्या "ठरवतं कोण" वर लिहिते कारण त्यावर फार गैरसमज आहेत.

सुरुवात तक्रारीने होत नाही. ज्याला संशय आलाय त्याने आधी त्या कॅडेटकडे जाऊन विचारायचं असतं, बाबा मी हे बघितलं, काय प्रकार आहे. बऱ्याच गोष्टी तिथेच संपतात कारण खरंच गैरसमज असतो. समाधान झालं नाही तर ऑनर कमिटीकडे. ही कमिटी कॅडेट्सनी आपल्या कंपनीतून, म्हणजे तुकडीतून, निवडून दिलेली. मग तपास, तोही कॅडेटच करतात, आणि मुद्दा टिकला तर सुनावणी. सुनावणीला ९ कॅडेट बसतात, हाच बोर्ड, त्यातल्या ६ जणांनी दोषी म्हटलं की दोषी. पुरावा फौजदारी कोर्टासारखा संशयातीत लागत नाही, दोष असण्याची शक्यता नसण्यापेक्षा जास्त वाटली तरी पुरतं. वकील बाहेर भेटून सल्ला देऊ शकतो, आत सुनावणीत तुमच्या वतीने उभा राहू शकत नाही. यावर काही कॅडेट्स कोर्टात गेले होते आणि १९७५ मध्ये अपील कोर्टाने अकॅडमीच्या बाजूने निकाल दिला.

पण कॅडेट्सचं काम दोषी की निर्दोष एवढ्यावर संपतं. पुढे फाइल कमांडंटकडे (कॅडेट्सवरचा मुख्य अधिकारी), मग सुपरिटेंडेंटकडे, तो जनरल असतो आणि शिक्षेचं तो बघतो. इथेच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. १९७६ पर्यंत शिक्षा एकच होती, हकालपट्टी. छोटं खोटं असो की मोठं, पहिल्या वर्षाचा पोरगा असो की शेवटच्या. त्यानंतर सुपरिटेंडेंटला मोकळीक मिळाली, त्यामुळे आता एक वर्ष मागे टाकणं, सहा महिने मागे टाकणं, एखाद्या सीनियर माणसाच्या हाताखाली ठेवून त्याच्याकडून स्वतःच्या वागण्यावर लिहून घेणं असे प्रकार आले.

२०२० चा पूर्ण हिशोब असा: ७३ पैकी ६ जण चौकशी चालू असतानाच सोडून गेले, ४ जणांना त्यांच्याच बरोबरीच्यांनी निर्दोष ठरवलं, दोघांच्या केसेस पुराव्याअभावी बंद. उरले ६१. त्यातले ८ बाहेर, ५१ एक वर्ष मागे, २ सहा महिने मागे. एक वर्ष मागे म्हणजे बरोबरचे पुढे जाणार आणि तू ज्युनियर बॅचमध्ये, सगळ्यांना का ते माहिती. मला ही फार सौम्य शिक्षा वाटत नाही, पण ते आपापलं मत.

पेपरतपासनीस

१९५१ वर मी लिहितो, मी परीक्षांच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत त्यामुळे त्या प्रकरणात मला कॉपीपेक्षा परीक्षेची पद्धत जास्त खटकते.

तेव्हा कॅडेट्स दोन रेजिमेंटमध्ये विभागलेले असायचे आणि एका रेजिमेंटला आज पेपर तर दुसऱ्या रेजिमेंटला तोच पेपर दुसऱ्या दिवशी. तोच म्हणजे शब्दशः तोच, प्रश्न बदलायची तसदी कोणी घ्यायचं नाही. का, तर ऑनर कोड आहे ना, आमची पोरं सांगणार नाहीत. फुटबॉलवाल्यांचा दिवसातला मोठा वेळ मैदानावर जायचा, अभ्यासाची बोंब, दोन्ही रेजिमेंटची पोरं एकाच टीममध्ये खेळणारी आणि एकाच टेबलावर जेवणारी. अशा ठिकाणी पेपर फुटला नसता तरच नवल होतं. मी त्यांची बाजू घेत नाहीये, चोरी ती चोरीच, पण ज्याने दोन पेपर काढायचे कष्ट वाचवले आणि त्याला विश्वास असं गोंडस नाव दिलं त्याच्यावर एक ओरखडाही आला नाही. पुढे लर्नेड हँड नावाच्या नामांकित न्यायाधीशांच्या समितीने फेरतपासणी केली, तिनेही पोरांना काढायचा निर्णय कायम ठेवला.

१९७६ तर त्याहून भारी. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा पेपर, तिसऱ्या वर्षाच्या आठशेच्या वर पोरांना घरी, म्हणजे खोलीवर, सोडवायला दिला. अट काय तर एकमेकांशी चर्चा करायची नाही. एरवी त्याच खोल्यांत त्याच पोरांना एकमेकांना अभ्यासात मदत करा म्हणून सांगितलेलं. एका पोराने प्रामाणिकपणे पेपरवरच लिहिलं की मी मदत घेतली, तिथून शिक्षकांनी बाकीचे पेपर शेजारी शेजारी ठेवून बघायला सुरुवात केली आणि धागा उसवत गेला. दीडशेच्या वर पोरं गेली. आरोप झालेल्या कित्येकांचं म्हणणं होतं की हे अर्ध्या वर्गाने केलंय, तुम्ही सापडले तेवढेच धरताय. ते खरं असणार असं मला वाटतं, कारण इतक्या मोठ्या संख्येत सगळे सापडत नाहीत, ज्यांच्या चुका सारख्या तेच सापडतात. ज्यांनी बरोबर उत्तर कॉपी केलं ते सुटतात. हे कुठल्याही पेपर तपासणाऱ्याला विचारा.

मग अंतराळवीर फ्रँक बोरमन, जो स्वतः वेस्ट पॉइंटचाच, त्याच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. डिसेंबर १९७६ च्या अहवालात त्यांनी पोरांना दोष दिलाच पण अकॅडमीलाही सोडलं नाही, नुसती पोरं काढून हा प्रश्न सुटणार नाही, यंत्रणाच बिघडली होती हे मान्य करा म्हणून सांगितलं. काढलेल्यांना वर्षभराने परत यायची संधी मिळाली आणि त्यातले बरेच आले, शिकले, अधिकारी झाले. मीराताई म्हणतायत ती एकच-शिक्षा पद्धत जाण्यामागे हाच अहवाल.

आणखी एक मुद्दा, तो कोणी काढला नाही. कोडचा वापर साधे नियम पाळून घ्यायला व्हायला लागला की कोड मरतो. तिथे खोलीबाहेर पडताना कार्डावर खूण करून जायची पद्धत होती, त्या खुणेचा अर्थ मी परवानगी असलेल्या जागीच आहे. समजा खूण केली आणि दुसरीकडे भटकून आलास, तर एरवी भटकण्याची शिक्षा म्हणजे काही डीमेरिट (शिस्तभंगाचे वजा गुण) आणि शनिवारी अंगणात बंदूक घेऊन तासनतास फेऱ्या. पण खूण केलीस म्हणजे खोटं बोललास, म्हणजे ऑनर केस, म्हणजे घरी. रात्री वीस मिनिटं कुठे होतास या गोष्टीला चारित्र्याचा प्रश्न करायचा, कारण त्यामुळे पहारेकऱ्याचं काम वाचतं. पोरांच्या हे लगेच लक्षात येतं आणि मग ती कोडकडे पण नियमासारखीच बघायला लागतात, म्हणजे सापडलो नाही तर ठीक.

निनाद_पी

मस्त माहिती मिळतेय, थँक्स सगळ्यांना. दोन शंका वाढल्या.

एक, नुसतं अर्धवट सांगितलं, म्हणजे थेट खोटं नाही पण पूर्ण खरं पण नाही, तर? दोन, मीराताई, बोर्डाने दोषी ठरवलं आणि सुपरिटेंडेंटने ते फिरवलं तर काय? तो पोरगा परत त्याच पोरांमध्ये राहायला जाणार ना?

मीरा_उ

पहिल्याचं उत्तर, चालत नाही. नरो वा कुंजरो वा तिथे खोट्यातच धरतात. शब्द खरे पण समोरच्याचा गैरसमज व्हावा म्हणून निवडलेले, तर ते खोटंच. त्यासाठी कॅडेट्सना तीन प्रश्न शिकवतात, मी हे करून कोणाला फसवतोय का किंवा कोणी फसेल असं होऊ देतोय का, मला किंवा दुसऱ्याला हक्क नसलेला फायदा मिळतोय का, आणि हेच माझ्याशी कोणी केलं असतं तर मला चाललं असतं का. मला यातला तिसरा प्रश्न सगळ्यात कामाचा वाटतो, बाकी दोघांत वकिली करायला जागा आहे.

दुसऱ्याचं उत्तर वाईट आहे. ते करडा_कोट यांनी लिहावं, त्यांचा या विषयाचा अभ्यास आहे.

करडा_कोट

अभ्यास वगैरे नाही हो, वाचलंय थोडंफार.

निनाद, त्याला तिथे सायलेन्स म्हणायचे. आपल्याकडचं वाळीत टाकणं. बोर्डाने दोषी ठरवलेला कॅडेट अधिकाऱ्यांनी सोडला तर बाकीचे कॅडेट्स त्याला सोडायचे नाहीत. त्याच्याशी कामाशिवाय कोणी एक शब्द बोलायचं नाही, खोलीत एकटा, जेवायला टेबलावर एकटा. १९७१ मध्ये एका कॅडेटवर आरोप आला की वेळ संपल्यावरही तो पेपर लिहीत होता. कमिटीने दोषी ठरवलं. पण सुनावणीच्या आधी प्रक्रियेत ढवळाढवळ झाल्याचं निघालं आणि सुपरिटेंडेंटने निकाल रद्द केला. म्हणजे कायद्याने तो निर्दोष. पोरांनी त्याला १९ महिने वाळीत टाकला. तो टिकला, १९७३ ला पास होऊन अधिकारी झाला, वर्तमानपत्रांत बोंबाबोंब झाली आणि त्याच वर्षी कॅडेट्सनी ही प्रथा अधिकृतपणे बंद केली.

आता दुसरा माणूस सांगतो. बेंजामिन डेव्हिस ज्युनियर, वेस्ट पॉइंट १९३२ ते ३६. त्याने काही केलंच नव्हतं. ना खोटं, ना कॉपी, ना चोरी. फक्त तो काळा होता. त्याच्याशी चार वर्षं कोणी बोललं नाही, चार वर्षं रूममेट नाही. अपेक्षा ही की कंटाळून जाईल. तो गेला नाही, पुढे दुसऱ्या महायुद्धात टस्कीगीच्या काळ्या वैमानिकांचं नेतृत्व केलं आणि अमेरिकन एअर फोर्सचा पहिला काळा जनरल झाला. आता मला सांगा, हे सगळं करणाऱ्या पोरांपैकी एकालाही कोडचा भंग केल्याबद्दल बोर्डासमोर उभं केलं नाही, कारण कोडमध्ये ते बसतच नव्हतं. पोरांच्या हातात शिक्षेचं हत्यार दिलं की ते फक्त खोटारड्यांवरच चालेल अशी खात्री कोणी द्यायची?

व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट, लेक्सिंग्टनला, ही राज्याची संस्था, फेडरल अकॅडमी नाही, तिथे अजून एकच शिक्षा. दोषी ठरला की बाहेर. आणि त्याची पद्धत अशी की मध्यरात्री ड्रम वाजवून सगळ्यांना उठवतात, रांगेत उभं करतात, गेलेल्याचं नाव एकदा जाहीर करतात आणि त्यानंतर ते नाव तिथे घ्यायचं नाही. २०२१ मध्ये राज्याने बाहेरच्या लोकांकडून या संस्थेची चौकशी करून घेतली, त्या सुमारास हेही समोर आलं की ऑनर कोर्टाने काढलेल्यांत काळ्या कॅडेट्सचं प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने फारच जास्त होतं. जूरी पोरांची, तपास पोरांचा, आणि शिक्षा एकच असल्यामुळे चुकीला दुरुस्ती नाही.

तिरकस_बाण

बघा, मी तेच म्हणत होतो फक्त कमी शब्दांत. सगळा कोड बंद करा आणि सरळ सुपरवायझर ठेवा परीक्षेला. विषय संपला.

पेपरतपासनीस

सुपरवायझर ठेवून कॉप्या थांबल्या असत्या तर माझं अर्धं आयुष्य सोपं गेलं असतं हो.

जुना_भिडू

तिरकस, परीक्षेसाठी असता तर कोड कधीच बंद झाला असता, तुझं बरोबर होतं. पण परीक्षा हा त्यातला सगळ्यात फालतू भाग आहे. प्लॅटूनचा लेफ्टनंट रेडिओवर सांगतो की पूल तपासला, रिकामा आहे. वर बसलेला मेजर त्या एका वाक्यावर दोनशे माणसं पुलावरून पाठवतो. त्या लेफ्टनंटच्या मागे सुपरवायझर ठेवता येत नाही. तो न तपासताच हो म्हणाला आणि शेजारच्याला ते माहिती असून तो गप्प बसला, तर पुलावर जे होईल त्यात दोघांचा वाटा आहे. चौथं कलम त्यासाठी आहे, निनाद. गोळी झेलणाऱ्या मैत्रीच्या विरुद्ध नाहीये ते. ज्याच्यासाठी तू गप्प बसतोस तो एक मित्र आणि ज्यांना त्याची किंमत मोजावी लागते ते बाकी सगळे, यात कोण जवळचं एवढाच प्रश्न आहे, आणि विसाव्या वर्षी याचं उत्तर बहुतेक पोरांचं चुकतं, म्हणून ते कलमात लिहून ठेवलं.

यात गोची दुसरीच आहे. आर्मी वॉर कॉलेजच्या दोन अभ्यासकांनी २०१५ मध्ये एक अहवाल काढला की अधिकारी झाल्यावर हेच लोक सर्रास खोट्या नोंदी करतात. चोर म्हणून नाही, वरून आलेल्या अटी पुऱ्याच होऊ शकत नाहीत म्हणून. त्यात जुन्या, २००२ च्या पाहणीचा दाखला आहे, कंपनी कमांडरकडे ट्रेनिंगला वर्षाचे २५६ दिवस, आणि वरून सक्ती केलेलं ट्रेनिंग बसवायला लागणार २९७ दिवस. मग तो काय करणार, सगळं झालं म्हणून टिक करणार, आणि वरच्याला माहिती असतं की हे शक्य नाही, तोही सही करणार. चार वर्षं ज्याला शिकवलं की कार्डावरची खोटी खूण म्हणजे हकालपट्टी, तो पाचव्या वर्षापासून रोज खोटी खूण करतो आणि त्याला प्रमोशन मिळतं. माझ्या मते कोडचं खरं अपयश हे आहे, कॅल्क्युलसचा पेपर नाही.

निनाद_पी

हे पुलाचं पटलं. पण मग ७३ जणांच्या प्रकरणात खपवून घेतलं म्हणून किती जण धरले? एवढी पोरं कॉपी करतायत म्हणजे बाकीच्यांना माहिती असणारच ना.

मीरा_उ

नेमका हाच तिथल्यांचा पण प्रश्न होता. २०१५ पासून एक सोय होती, स्वतःहून कबूल केलं तर शिक्षा कमी, बहुतेकदा काढत नाहीत. उद्देश चांगला होता, माणूस कबूल करेल, सुधारेल, आणि मित्राचं नाव द्यायला बाकीची पोरं कचरणार नाहीत कारण आता नाव दिलं म्हणजे त्याचं करिअर संपलं असं उरत नाही. पहिला भाग चालला. २०२० मध्ये ५५ जण या सोयीखाली आले. दुसरा भाग अजिबात चालला नाही, मित्राला रिपोर्ट करणाऱ्यांचं प्रमाण वाढलंच नाही. म्हणजे शिक्षा कडक होती तेव्हा पोरं म्हणायची, एवढ्याशा गोष्टीसाठी त्याचं आयुष्य कशाला बरबाद करू, आणि शिक्षा सौम्य केली तरी गप्पच. २०२१ मध्ये सुपरिटेंडेंट विल्यम्सनी ती सोय बंद केली.

ॲनापोलिसलाही त्याच सुमारास तसंच झालं, डिसेंबर २०२० चा फिजिक्सचा ऑनलाइन पेपर, १०५ जणांची चौकशी, १८ जण बाहेर. तिथे समज देऊन मिटवायची मुभा आहे, तरीही एवढ्यांपर्यंत गेलं. त्यांचं १९९२ चं प्रकरण आठवा, पेपर फुटलेला, पहिल्या चौकशीत मोजकेच सापडले कारण पोरांनी एकमेकांना सांभाळून घेतलं, मग नेव्हीच्या इन्स्पेक्टर जनरलने हातात घेतल्यावर आकडा सव्वाशेच्या पुढे गेला आणि १९९४ मध्ये २४ जणांना काढलं. म्हणजे कलम असो नसो, बाहेरचा माणूस येईपर्यंत बोलत कोणीच नाही.

आणि एक व्यवहाराची गोष्ट जी या चर्चेत कोणी काढत नाही. पहिली दोन वर्षं कॅडेट कधीही सोडून जाऊ शकतो, देणं काही नाही. तिसरं वर्ष सुरू झालं की करार पक्का, त्यानंतर काढलं तर साधा सैनिक म्हणून काही वर्षं नोकरी करा किंवा शिक्षणाचा खर्च सरकारला परत करा. तो खर्च लाखो डॉलरमध्ये जातो. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या पोराचं नाव देणं आणि तिसऱ्या वर्षाच्या पोराचं नाव देणं ही एकच गोष्ट नाहीये, कलमात ती एकच दिसली तरी. १९७६ ची सगळी पोरं तिसऱ्या वर्षाची होती.

करडा_कोट

मीराताई, यात एक जोडतो. नाव देणारा कोण असतो हेही बघा. मोठ्या प्रकरणांत सुरुवात शिक्षकाच्या संशयातून किंवा पेपरवरच्या कबुलीतून झाल्याची उदाहरणं वर आलीच आहेत. १९५१ ला मात्र सुरुवात कॅडेटनेच केली, आणि मग अधिकाऱ्यांनी काही कॅडेट्सना त्याच गटात घुसून माहिती काढायला सांगितलं. म्हणजे मैत्रीचं नाटक करून. फसवणार नाही म्हणणाऱ्या कोडच्या रक्षणासाठी. तो आदेश देणाऱ्याला कुठल्या बोर्डासमोर जावं लागलं नाही.

तिरकस_बाण

आता बोला.

जुना_भिडू

बोलतो की. ते चूकच होतं, आणि म्हणूनच मला ॲनापोलिसची पद्धत बरी वाटते, आकडे काही का असेनात. आधी समोर जाऊन बोल, संधी दे, नाही ऐकलं तर वर जा. वेस्ट पॉइंटलाही आधी जाऊन विचारायची पायरी आहेच, फरक एवढाच की तिथे त्याने कबूल केलं की तुझ्या हातात काही उरत नाही, ॲनापोलिसला उरतं. वीस वर्षांच्या पोराला उद्या तीस माणसं सांभाळायला द्यायची असतील तर एका मित्राचं काय करायचं एवढा निर्णय तरी त्याचा त्याला घेऊ द्यावा. निनाद, तू असतास तर काय केलं असतंस?

निनाद_पी

खरं सांगू का, ॲनापोलिसला असतो तर बोललो असतो त्याच्याशी. वेस्ट पॉइंटला असतो तर बहुतेक विचारायलाच गेलो नसतो, कारण विचारलं की अडकलो.

पेपरतपासनीस

आणि दोन रेजिमेंटना दोन वेगळे पेपर काढले असते तर १९५१ ला विचारायची वेळ पण आली नसती. हे मी सांगतच राहणार.